लाख कोठीतल्या यशोधराबाई

यशोधराबाईंच्या दुकानात पुस्तक मागितलं की ते लगेच मिळत नसे. आधी प्रश्न यायचा, "कायले पायजे?" आमच्याकडे कायले म्हणजे कशाला. परीक्षेसाठी, वेळ घालवायला, आजोबांच्या घरी पाहिलं होतं म्हणून, कुठलंही उत्तर चालायचं, पण उत्तर द्यावं लागायचं. "तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणणारं गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या शेजारीच. गिऱ्हाईक म्हणजे देव, हे मला वडिलांनी शिकवलेलं. त्यामुळे बाईंचं वागणं पाहून माझा जीव वरखाली व्हायचा. "ताई, अशानं दुकान बसन," मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "बसलंच आहे. उठलं कधी होतं?"

त्यांना जाऊन आता आठ महिने झाले. भाचा दुकान उघडतो. तो सगळ्यांना "आइए, बैठिए" म्हणतो. चांगला मुलगा आहे. पण मला अजून भिंतीपलीकडून "कायले पायजे?" ऐकू आलं नाही की दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

आमची दुकानं ज्या इमारतीत आहेत तिला गोंदियात लाख कोठी म्हणतात. जंगलातून पळसाच्या झाडांवरची लाख इथं यायची, साठायची आणि मालगाडीत चढून बाहेर जायची. तो व्यापार माझ्या जन्माआधीच आटपला. मोठ्या बाजाररस्त्यावर दगडी जोतं, सागवानी खांब आणि कमानींवरच्या रंगीत काचा, त्यातल्या निम्म्या फुटक्या, एवढं उरलं. रस्त्याच्या अंगाला एक मोबाइलवाला, एक मॅचिंग सेंटर, मग मी आणि कोपऱ्यात बाई. बाजार सगळा हिंदीत चालतो. "भैया, पुरानी किताबवाली बाई कहाँ बैठती है?" असं दिवसातून दोनदा तरी मला कुणी विचारायचं. मी न बोलता भिंतीकडे अंगठा करायचो.

बाई बुटक्या. पातळावर पुरुषी पांढरा शर्ट, धूळ लागू नये म्हणून. चष्मा माझ्याकडचाच, काचा जाड. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. याहून जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुकान त्यांच्या वडिलांचं. वडील सौंदडचे, गोंदियाच्या मालधक्क्यावर हमाल. धम्मदीक्षा घेतल्यावर तिशीत अक्षरं शिकले आणि मग छापलेलं दिसेल ते उचलून आणायला लागले, मोडलेल्या बंगल्यांतलं, रद्दीतलं, बंद पडलेल्या वाचनालयातलं. "बा अक्षर शिकला अन् त्याले वाटलं, छापलेलं काईच फेकाचं नसते," बाई सांगायच्या. "तेथूनच वांधे सुरू झाले."

मी स्वतः वाचणारा माणूस नाही. दिवसभर लोकांकडून भिंतीवरचा तक्ता वाचून घेतो, तेवढं वाचन मला पुरतं. पण दुपारचा चहा मी बाईंकडेच प्यायचो, कारण त्यांच्याकडे नाटक फुकट असायचं.

एकदा नव्या हॉटेलचा मालक आला. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. म्हणाला, "मौसीजी, पाँच फुट किताबें चाहिए। भूरी, लाल, ऐसी पुरानी दिखनेवाली। दीवार पे लगानी हैं।"

"पढ़ेगा कौन?" बाईंनी विचारलं.

"कोई नहीं। शो के लिए।"

मला वाटलं, आता ह्याची धडगत नाही. पण बाई खूश झाल्या. पट्टी घेतली आणि कोर्टाच्या निकालांचे जाडजूड बांधीव खंड मोजून पाच फूट काढून दिले. पंचवीस वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. गठ्ठा बांधताना मधोमध एक गोष्टींचं पुस्तक खुपसलेलं मी पाहिलं. तो गेल्यावर विचारलं, हे कायले? "एखांदा मानूस भज्याची वाट पाहून राहिला असन," त्या म्हणाल्या. "कंटाळून हात घातला त्यानं, तं काई तं हाती लागलं पायजे."

नाकावर माशी बसू न देणारी ही बाई पुस्तकाच्या दुखण्यापुढे मात्र फार मऊ व्हायची. सकाळचे दोन तास डागडुजीचे. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. एक ब्लेड, एक घासून गुळगुळीत केलेली बांबूची पट्टी आणि कडुलिंबाचा पाला. पुस्तकात किडा बहुतेक वेळा मागच्या किंवा पुढच्या कोऱ्या पानांतून शिरतो आणि पानामागून पान भोक पाडत आत जातो. बाई ती कोरी पानं ब्लेडनं कापून काढायच्या, म्हणजे कीड मजकुरापर्यंत पोचण्याआधी थांबते. कापलेली पानं बिस्किटाच्या डब्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या पुस्तकांना ठिगळं लावायला वापरायच्या. "जुन्याले जुनंच ठिगळ पायजे," म्हणायच्या. या डब्याचा त्यांना अभिमान होता. त्यातला प्रत्येक कागद कुठल्या पुस्तकाचा, हे त्यांना तोंडपाठ होतं.

सगळ्यांत लाडकं पुस्तक विकायचं नव्हतंच. झाडांच्या चित्रांचा एक प्रचंड ग्रंथ, मांडीवर घेतला तर दोन्ही गुडघे झाकतील एवढा. पहिली पानं कधीच गेलेली, त्यामुळे त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वडिलांनी डोक्यावरून वाहून आणलेलं पहिलं पुस्तक ते. वडिलांना त्यातलं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण झाडं ओळखू यायची. मोह, तेंदू, येन, पळस. एका एका झाडावर बोट ठेवून त्यांनी मुलीला नावं सांगितली होती. त्या पुस्तकाला मागून कीड लागली आणि शेवटच्या छापील पानापर्यंत पोचली, तेव्हा बाईंनी मागची चार कोरी पानं कापली. ती पानंही त्याच डब्यात गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक पन्नाशीचा माणूस आला. पांढरा स्वच्छ सदरा, बोलायला गोड. मी चहा पीत होतो. बाईंनी ठरलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पुस्तक नोको जी. जुना कोरा कागद पायजे. नातवाले शाळेत प्रोजेक्ट देल्लं, जुन्या काळचं पत्र बनवाचं. त्याची मम्मी कागद चहात बुडवून वाळवून राहिली."

बाई हसायला लागल्या. खरा जुना कागद डब्यात पडलेला असताना पोरानं चहात बुडवलेल्या कागदावर भागवावं, हे त्यांना सोसलं नाही. तरी क्षणभर थांबल्या. "द्या ना ताई, लेकराचं काम आहे," मी म्हणालो. त्यांनी झाडांच्या पुस्तकाची ती चार पानं काढून दिली. फुकट. "चांगल्या अक्षरात लिहाले सांगजा," एवढंच म्हणाल्या. माणूस हात जोडून गेला.

चारएक महिने गेले. एके दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका खेड्यातून शकुनबाई नावाची बाई आली. चाळिशीची, विधवा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक झेरॉक्स. जुनी अक्षरं लावायची तर लोक यशोधराबाईंकडे येत. शकुनबाईच्या थोरल्या दिरानं तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला होता की, भावजय कसते ती तळ्याखालची धानाची जमीन माझ्या नावावर चढवा. पुरावा म्हणून आजोबांच्या हातचं जुनं वाटणीपत्र जोडलं होतं. त्याचीच ही झेरॉक्स. "सारे म्हनते, जुन्या कागदापुढं काई चालत नाई," ती म्हणाली. "त्यात लिवलं काय हे तं वाचून सांगा. तेवढी एक धानाची बांधी गेली तं मी पोरी घेऊन जाऊ कुठं?"

बाई वाचायला लागल्या. धाकट्याचा हिस्सा थोरल्याला दिला, राजीखुशीनं, वगैरे वगैरे. मध्येच थांबल्या. कागद तोंडाजवळ नेला. खाली उजव्या अंगाला एका भोकाची काळपट कड उमटली होती, वाकडीतिकडी. बाईंनी मला हाक मारून भिंग मागितलं. मग शकुनबाईला म्हणाल्या, "दोन दिवसांनी ये. हे माह्यापाशी राहू दे." ती गेल्यावर त्यांनी झाडांचं पुस्तक उतरवलं, शेवटचं छापील पान उघडलं आणि झेरॉक्स त्यावर ठेवली. भोक भोकावर बसलं. बाईंनी शिवणीत उरलेली कापल्या पानांची चार खुंटं बोटानं मोजली.

मला त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पत्राच्या दोन ओळी भोकाजवळ आल्या की थांबत होत्या आणि भोक ओलांडून पुढे सुरू होत होत्या. एकही अक्षर कुरतडलेलं नव्हतं. "किडा अक्षरं चुकवून खाते का कधी?" त्या म्हणाल्या. म्हणजे भोक आधीचं, शाई नंतरची. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, भोकाचा कागद म्हणजे अस्सल जुना.

मी व्यवहारी माणूस. म्हणालो, "मंग झालं तं. एवढंच सांगा कचेरीत, का अक्षरं वळसा घालून गेली. आपल्या पुस्तकाचं नाव कायले काढता?"

"पान कोनाचं, असं इचारलं तं?"

"माहीत नाई म्हना."

"माहीत आहे नं पन."

"ताई, हात दाखवून अवलक्षण आहे हे. चोर सुटन अन् संन्याशाले फाशी होईन. तुमालेच आत टाकतीन."

"टाकू दे. पुस्तकं पोचवून देजा तेथं." मग पुस्तक मिटत म्हणाल्या, "अन् संन्याशी कोन? पान मीनं देल्लं." द्या ना ताई, असं म्हणणारा मी होतो. ते त्यांनी तेव्हा काढलं नाही, नंतरही कधी काढलं नाही. मला तेच जास्त लागलं.

सुनावणीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर गोरेगावला गेलो. एसटीत पुस्तक त्यांनी मांडीवर घेतलं होतं, जुन्या लुगड्यात गुंडाळून. मी घेतो म्हटलं तर दिलं नाही. कचेरीत एक तरुण अधिकारी, समोर शकुनबाई, पलीकडे तिचा दीर आणि त्याचा वकील. तो दीर म्हणजे आमचा पांढऱ्या सदऱ्याचा आजोबा. बाईंना पाहून त्याचा चेहरा उतरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

अक्षरं भोकाला वळसा घालतात, हे बाईंनी दाखवलं. वकील हुशार होता. म्हणाला, "त्या काळी कागद कुठं मिळत होता साहेब? म्हाताऱ्यानं भोकाच्याच कागदावर लिहिलं असेल." अधिकाऱ्यानं मान हलवली. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. मी बाईंकडे पाहिलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते शकुनबाईचं.

बाईंनी लुगड्याची गाठ सोडली. पुस्तक टेबलावर ठेवलं, मागून उघडलं. ब्लेडनं कापलेल्या चार पानांची बोटभर खुंटं शिवणीत उभी होती. अधिकाऱ्यानं मूळ वाटणीपत्र फाइलीतून काढून स्वतः एकेका खुंटाला लावून पाहिलं. तिसऱ्याला कड जुळली. भोक खालच्या छापील पानावरच्या भोकाशी जुळलं. त्यानं पत्र आणि ते पान मिळून खिडकीकडे धरलं, तर दोन्हींतून एकच उजेड आला.

"किडे काय, सगळ्याच पुस्तकांना लागतात," वकील म्हणाला.

"लागते," बाई म्हणाल्या. "पन दोन घरी एकाच वाटेनं नाई जात."

वकिलानं मग पवित्रा बदलला. "म्हणजे खोट्या कागदासाठी पान तुम्हीच पुरवलं, असं तुमचं म्हणणं!"

"हो."

"विकलं?"

"फुकट देल्लं. नातवाच्या शाळेसाठी मांगतलं होतं यानं. मीनं कायले पायजे ते इचारलं, अन् सांगतलं त्यावर इश्वास ठेवला. कागद माहा, लिवनं त्याचं. लिहून घ्या साहेब."

कारकून लिहिता लिहिता थांबला. अधिकाऱ्याकडे बघायला लागला. बाईंनी त्याला पुन्हा सांगितलं, "लिव बाबू, कागद माहा असं लिव." मग त्यांनी तो जबाब सगळा वाचून काढला, एका जागी 'पुरविला' होतं तिथं 'दिला' करायला लावलं आणि सही केली. मी त्यांना तीस वर्षं ओळखत होतो. त्यांची सही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गोल, मोठी, शाळेतल्या मुलीसारखी.

बाहेर आल्यावर शकुनबाई पाया पडायला वाकली. बाई दोन पावलं मागे सरल्या. "माह्याच कागदानं तुही जमीन जाऊन राहिली होती. पाया कायच्या पडतेस?" त्यांचा आवाज चढला होता. शकुनबाई बिचारी वाकलेली तशीच राहिली. मला बाईंचा राग आला.

जमिनीचा निकाल शकुनबाईच्या बाजूनं लागला. खोट्या कागदाची फौजदारी मात्र सुरू झाली. बाईंना पोलिसांनी दोनदा बोलावलं, जबाब घेतले आणि साक्षीदार करून सोडलं. पुस्तक पुरावा म्हणून कचेरीत अडकलं, ते कधी सुटेल कुणी सांगेना.

दुकानात परतल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते रबरी शिक्का बनवून घेण्याचं. 'हे पान कोरे आहे.' दुकानातल्या एकूण एक पुस्तकाच्या एकूण एक कोऱ्या पानावर तो लाल शाईनं मारला. तीन आठवडे हेच चाललं होतं. "ताई, शिक्का मारल्यावर पान कोरं कुठं राहिलं?" मी विचारलं. "तेच तं पायजे," त्या म्हणाल्या. नागपूरहून एक जुन्या ग्रंथांचे शौकीन दरवर्षी यायचे. ते पानं उलटून हळहळले, "बाई, खून केलात पुस्तकांचा!" बाईंनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून परत फळीवर ठेवलं. ते पुन्हा आले नाहीत. बिस्किटाचा डबा मात्र बाईंनी स्वतः चुलीत रिकामा केला.

मग अधिकाऱ्याला अर्ज केला. पुस्तकाला महिन्यातून एकदा ऊन दाखवलं नाही आणि पाला बदलला नाही तर कीड तुमच्या इतर कागदांतही शिरेल, असं त्यात लिहिलं होतं. धमकी म्हणा की काळजी म्हणा, परवानगी मिळाली. तेव्हापासून दर महिन्याला एका बाजारच्या दिवशी बाई गोरेगावला जायच्या. कारकुनासमोर, कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात पुस्तक उघडून एकेक पान उलटत बसायच्या. शकुनबाईला हे कळलं. तीही येऊ लागली. वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी कडा धरून बसायची आणि झाडं ओळखायची. येताना डबा आणायची, त्याच जमिनीच्या तांदळाचा. बाई डब्याला हात लावत नसत. "मले भूक नाई," म्हणायच्या आणि एसटी स्टँडवर येऊन चहा-बिस्किट खायच्या. हे मला माहीत होतं, कारण त्याच दिवशी मीही गोरेगावच्या बाजारात डोळे तपासायला बसतो आणि परतीची गाडी आम्ही बरोबर धरायचो.

शेवटचा फेरा डिसेंबरातला. धान कापून झालेलं, बाजारात बैलबंड्यांपेक्षा मोटरसायकली जास्त. बाईंना दोन महिन्यांपासून धाप लागत होती, म्हणून मी लवकर आवरून त्यांना घ्यायला कचेरीमागे गेलो. पुस्तक पाहून झालं होतं. कारकून ते बांधून आत नेत होता. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि समोर शकुनबाई डबा सोडत होती. नव्या तांदळाचा भात, लाखोळीची डाळ, एक हिरवी मिरची. तिनं नेहमीसारखं विचारलं, "घेता का ताई?" आणि नेहमीसारखं उत्तर येणार म्हणून स्वतःच जेवायला हात धुतले.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले, झाकणात घास घेतला आणि खाल्ला. मी खांबाआड थांबलो. पुढे जायचं माझ्या जिवावर आलं. माझे डोळे भरून आले होते आणि चष्मेवाल्याला चष्मा पुसत उभं राहावं लागलं.

"भात गचका झाला," बाई म्हणाल्या. "नव्या तांदळाले पानी कमी घालाव."

"सारी जिंदगी धान लावलं मीनं," शकुनबाई फणकारली, "अन् तुमी मले पानी शिकवता?"

बाई हसल्या. दुसरा घास घेतला, मग तिसरा. शकुनबाईनं पदर तोंडाला लावला आणि मग डबा उचलून म्हणाली, "आनखी देऊ?"

बाईंनी झाकण पुढे केलं.